आनंदाबाईंचे हात

कोकिळा नव्या पुस्तकाच्या तिसऱ्या खर्ड्याची पानं घेऊन ओसरीवर आली, तेव्हा आनंदाबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आनंदाबाई म्हणजे तिची मोठीआई, थोरल्या काकांची बायको. अक्षरओळख नाही, पण कोकिळाच्या दोन्ही पुस्तकांची परीक्षा त्यांच्या हातांनीच घेतलेली. वाचून दाखवताना हात थांबले तर मजकूर ठेवायचा, काम चालूच राहिलं तर खोडायचा. हिंगणीच्या ओसरीवरचा हा निवाडा नागपूरच्या प्रकाशकांनाही कधी फिरवता आला नव्हता.

आज नववं प्रकरण होतं.

प्रकरणात कापूस वेचणाऱ्या एका पोरीला साप चावतो. आनंदाबाईंची लेक दीपमाला अशीच गेली होती, फाट्यावर गाडीची वाट पाहता पाहता. पहिल्या खर्ड्यात कोकिळाने ते मरण लिहिलं होतं. पण ते त्या माउलीसमोर कुठल्या तोंडाने वाचायचं? म्हणून तिसऱ्या खर्ड्यात तिने गाडी वेळेवर आणली आणि पोरगी वाचवली. संध्याकाळी पुस्तक छपाईला जायचं होतं.

तिने वाचायला सुरुवात केली. साप चावला. गाडी आली, दवाखाना आला, पोरीने डोळे उघडले. टोपल्यात दाणे पडतच होते.

"मोठीआई, आवडलं नाई का?"

"चांगलं हाय. वाचली बिचारी." आनंदाबाईंनी पुढची शेंग उचलली. "कोणाची होय वं ते पोरगी?"

खोटं पकडलं गेल्यावर शाळेत व्हायची तशी कोकिळाची गत झाली. ती उठून आत गेली आणि कपाटातला पहिला खर्डा घेऊन आली.

तिने तेच प्रकरण काढून वाचायला घेतलं. फाट्यावरचं निंबाचं झाड. आईच्या मांडीवर पोरीचं डोकं. पायाला आवळून बांधलेली लाल चिंधी. आईचे डोळे रस्त्याकडे.

आनंदाबाईंचे हात थांबले. कोकिळाही थांबली.

"काऊन थांबली? वाच."

तिने शेवटपर्यंत वाचलं. गाडी आली नाही. आनंदाबाई अर्धी सोललेली शेंग हातात धरून अंगणाकडे पाहत राहिल्या. आपण हे काय करून बसलो, असं कोकिळाला झालं. पानं गुंडाळून ती उठायला लागली.

"बस," आनंदाबाई म्हणाल्या. "चिंधी हिरवी होती. माह्या लुगड्याची फाडलती मीनं. लाल नाई. तेवढं दुरुस्त कर, मंग पाठव."