वहीतलं वाक्य

(सातपूर, १९७४. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या प्रवेशाची तालीम. संहिता एकच, ती आळीपाळीने घरी नेऊन प्रत्येकाने आपली वाक्यं वहीत उतरवून घेतली आहेत.)

सलाउद्दीन (नाटकातला बाप, खणखणीत आवाजात) : जा पोरी, कॉलेजात नाव घाल. मी अडवणार नाही!

निवृत्ती (दिग्दर्शक, पानं उलटत) : थांबा भाई. हे वाक्य नाटकात नाहीच.

सलाउद्दीन : माझ्या वहीत आहे की!

निवृत्ती : वहीत कुणी उतरवलं?

सलाउद्दीन : आमच्या पोरीने, जुलेखाने. यंदा मॅट्रिक झाली. अक्षर बघ कसं मोत्यासारखं आहे.

निवृत्ती : तीच ना, जिला तुम्ही कॉलेजला नको म्हणालात?

(सगळे हसतात. सलाउद्दीन वही पुन्हा वाचतो.)

निवृत्ती : मग खोडू ते वाक्य?

सलाउद्दीन : राहू दे रे. आठ दिवस घरात मोठमोठ्याने म्हणतोय. आता पाठ झालंय.