पिशव्यांपाशी

“तू बस इथे पिशव्यांपाशी, आम्ही आलोच,” नवरा नेहमीप्रमाणे म्हणाला. आज संग्रहालयात सगळ्यांना फुकट प्रवेश, पण पिशव्या आत न्यायच्या नाहीत. या फुकटच्या सहलीसाठी मी पहाटे साडेचारला उठून पोळ्या आणि मेथीची भाजी केली होती. बागा, तलाव, टेकड्या, या शहरातलं सगळं फुकटचं मी पिशव्यांशेजारी बसूनच पाहिलंय.

तासाभराने लेक एकटीच बाहेर आली. “आई, आता मी बसते. तू जा.”

पाय बोलत होते, तरी मी उठले. पहिल्याच दालनात सिक्युरिटीच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “खुर्ची नाही दिली?” मी विचारलं.

“खुर्ची कसली, ताई! सकाळपासून डबासुद्धा उघडला नाही. गर्दी बघताय ना.”

“खा निवांत. मी बघते,” म्हणत मी त्यांच्या जागी उभी राहिले. एक आजोबा मूर्तीला हात लावायला निघाले, त्यांना दटावलंसुद्धा.

बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, “काय काय पाहिलंस?”

“त्या बाईंचा डबा,” मी पिशवी उचलत म्हटलं. “मेथीचीच भाजी होती. त्याही साडेचारलाच उठल्या असणार.”