भांगेचा पाटा

आमच्या घरात दोन पाटे. मसाल्याचा माझा. दुसरा फक्त शिवरात्रीच्या भांगेचा, त्याला बायकांनी हातही लावायचा नाही. तो मान थोरल्या दिरांचा. ते भांग इतकी मऊ वाटायचे, की वरवंटा उचलला की त्याला चिकटून खालचा पाटाही वर यायचा. ते बघायला सगळी गल्ली अंगणात जमायची. मागच्या पावसाळ्यात दीर वारले.

यंदा मान आमच्या मालकांकडे आला. शिवरात्रीच्या सकाळी माणूस पोरासारखा हरखला होता. त्यांनी काथ्याने घासून पाट्यावरचा हिरवा थर काढला. पाटा गुळगुळीत झालाय म्हणून वडारणीला बोलावून टाकी मारून घेतली. मग चार बादल्या पाणी ओतून उन्हात खडखडीत वाळवला. मी चहा आणेपर्यंत त्यांना दम निघेना. कोरड्या पाट्यावर कोरडा वरवंटा दोनदा फिरवला आणि दोन्ही हातांनी उचलला.

पाटा वर आला.

"आगं, बग की," मालक हसत म्हणाले. "दादागत जमलं मला. पयल्याच खेपेला जमलं."

मी चहाची कपबशी खाली ठेवली. "भांग अजून बाजारातनं यायचीय," मी म्हटलं. "मग चिकटलंय काय? खाली ठेवा बघू."

ते हसतच होते. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडून दाखवले.

"मी तर कवाच सोडलाय की."