नाथाजींचा विसराळूपणा

“आबा, आता डॉक्टरकडं यायचं म्हंजे यायचं. काल तर हद्द झाली,” मानसिंग वडिलांना म्हणाला.

हद्द झाली होती खरी. पंचमीच्या आदल्या दिवशी त्याच्या आईची, शालूबाईंची कपड्यांची पिशवी भरून उंबऱ्यात ठेवलेली. का, तर माहेरी शिराळ्याला न्यायला त्यांचा भाऊ येणार म्हणून. भाऊ वारून वर्षं लोटलेली. कुणी भरली पिशवी, असं मानसिंगनं विचारताच नाथाजी पुढं झाले. “मीच भरली. पाव्हणं गेल्यालं इसरलोच बघ.” शालूबाईंनी पिशवी उचलून आत नेली.

त्याआधी म्हशीचं रेडकू मोकळं राहिलं. सगळं दूध तेच पिऊन गेलं, डेअरीला थेंब गेला नाही. मग चहाचं पातेलं गॅसवर जळून कोळसा झालं. दर वेळी नाथाजीच म्हणायचे, “मीच की!” आणि वर हसायचे. फौजेतला कडक सुभेदार! साठी बुद्धी नाठी, असं गाव म्हणू लागलं. गावाला काय, विषयच हवा असतो. मानसिंगला मात्र ते फार लागायचं. बापाचं डोकं हातचं जाणार, या भीतीनं त्याला घास गोड लागेना.

“येतो,” नाथाजी म्हणाले. “पर तुझी आई संगं पायजे.”

“येते की,” शालूबाई म्हणाल्या. “ह्यांना आता एकलं सोडायची सोय न्हाई.”

सांगलीच्या दवाखान्यात गर्दी होती. नंबर यायच्या आधी मानसिंग आईला चहाला घेऊन गेला आणि नेमकी तेव्हाच हाक आली. नाथाजी एकटेच आत गेले. दार त्यांनी स्वतः लावून घेतलं.

“आज वार कोणता, सांगाल?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बुधवार. तारीख, साल, समदं सांगतो. माझं डोकं शाबूत हाय. रेडकू, चहा, पिशवी, ह्या चुका माझ्या बायकोच्या. चुकलं की ती एवढंसं तोंड करती, ते मला बघवंना. दवाखान्यात चल म्हटलं, तर मला येडी ठरवता व्हय म्हणून जेवायची राहिली. माझ्यासाठी मात्र लगेच आली.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “लवकर आणलंत, हे फार बरं केलंत. औषध, सवयी, बरंच काही करता येतं. पण तपासायचं तर प्रश्न त्यांनाच विचारावे लागतील.”

बाहेर शालूबाईंचा आवाज आला. “आत गेलं व्हय? एकलंच?”

नाथाजींनी घाईनं खुर्ची पुढं ओढली.

“तिला न्हाई, मलाच विचारा. मला कुणी काय विचारलं की माझ्या आधी तीच बोलती, लगीन झाल्यापासनं. तुमी प्रश्न मला घाला, आन् उत्तरं तिची लिहून घ्या.”