काचेवरची वाफ

ताईचा हवाबंद संरक्षक सूट सरांनी आज माझ्यासमोर आणून टांगला. रक्तस्रावी तापाच्या ज्या विषाणूवर आमची प्रयोगशाळा औषध शोधते, त्यानेच ताईचा घास घेतला. हातमोजा विरलाय, बदला, असं ती या माणसाला सांगून थकली होती. "पुढच्या खेपेला बघू," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"नवा हातमोजा बसवलाय, सूट निर्जंतुक केलाय. आजपासून तुम्ही वापरा," सर म्हणाले. बोलताना जीभ जराही अडखळली नाही मेल्याची.

या सूटमध्ये स्वतःच्या तोंडाला हात लावता येत नाही. काचेवर वाफ धरली की ताई नाकाच्या शेंड्याने पुसायची. आम्ही तिला 'वायपर' म्हणून चिडवायचो.

घालण्याआधी सूट कुठे गळत नाही ना, हे तपासावं लागतं. मी दातओठ खात चेन लावली, हवा भरली आणि हवेची नळी काढून टाकली. रिकामा सूट टम्म फुगला.

जरा वेळाने तोंडासमोरची काच धुरकट झाली. मग निवळली. पुन्हा धुरकट झाली.

"दमटपणा असेल," म्हणत सरांनी रुमाल फिरवला. वाफ हलली नाही. ती आतल्या बाजूला होती.

"नीट बघा ना, सर," मी म्हणाले.

ते वाकून काचेजवळ गेले. आतून, बरोबर त्यांच्या नाकासमोर, वाफेत एक बारीक स्वच्छ रेघ हळूहळू सरकत गेली.

सर मागे सरकले, तशी मी त्यांची वाट अडवली.

"चेन आता तुम्हीच उघडा."