पेन्सिल जाईल एवढी फट

"ड्रिल नका लावू, बाबा. आज रविवार आहे."

राजानंद ड्रिल हातात धरून थांबले. "मग?"

"रविवारी इथे आवाज चालत नाही. रूहेत्साइट, शांततेची वेळ. खालच्या आजी लगेच वर येतील."

"साप आणला तर चालते, भोक पाडलं तर नाही," ते म्हणाले. त्यांनी कानस मागून घेतली आणि सापाच्या पेटीचं भोक थर्मोस्टॅटची वायर जाईल एवढं हातानंच मोठं करू लागले.

धम्मदीपा ओट्याला टेकून त्यांच्याकडे बघत होती. चंद्रपूरला वीज केंद्रातली नोकरी सांभाळून बाबांनी तीस वर्षं लोकांच्या घरांतले साप पकडून जंगलात सोडले होते. आई गेली आणि त्यांनी तेही थांबवलं. जर्मनीत तिच्याकडे येनाला येऊन सहा आठवडे ते खिडकीशी बसून होते. चहा घेता? घेतो. जेवता? जेवतो. एवढंच बोलणं. बुधवारी तिनं कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं हे पिल्लू डब्यातून घरी आणलं आणि म्हणाली, "बाबा, घेतला तर खरा, पण याचं घर लावता येईना."

तेव्हापासून बाबा बोलत होते.

"एक लपायची जागा गरम बाजूला, एक थंड बाजूला," ते आता सांगत होते. "नाही तर ऊब हवी तर भीती सोसा, लपायचं तर थंडी सोसा. बिचाऱ्यानं काय करावं?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून पेटीच्या झाकणाखाली चारी बाजूंनी फिरवून पाहिली. "जिथून पेन्सिल जाते, तिथून हा जातो."

"मागच्या कोपऱ्यात पुन्हा बघा."

"दोनदा बघितलं, बेटा."

"तरी बघा."

त्यांनी बघितलं. तिनं लॅबमधून आणलेला थर्मामीटर दुरूनच रोखला. लाल ठिपका पेटीत अंथरलेल्या झाडाच्या सालींवर पडला. "एकोणतीस. बरोबर आहे."

तेवढ्यात शोभनाआत्याचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी फोन डब्यासमोर धरला.

"अगं बाई! इतकी शिकली, जर्मनीत गेली, अन् तिथे हिला सापच भेटला का?"

"माझी पोर आहे ती," बाबा म्हणाले. "सात वर्षांची होती. मोरीतून धामण निघाली, हिच्या पायावरून गेली, पण ही जागची हलली नाही! तू तर पलंगावर चढून बसली होतीस."

"हजारदा ऐकलं, दादा."

"मग हजार अन् एक."

धम्मदीपा हसली. बाबांना एवढं हसताना तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी डबा तिच्यापुढे केला. "तूच सोड त्याला घरात."

"तुम्ही सोडा ना. माझे हात भांड्याच्या साबणाचे आहेत."

त्यांनी पिल्लाला बोटांवर घेतलं. "काहून घाबरतं रे? आपलंच घर आहे." ते सालींखाली शिरलं. धम्मदीपानं कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"आता आठवडाभर कोणी हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी पहिला हात तुझा. वीस वर्षं जगतात हे. मी असेन नसेन, याला तुझ्या हाताची सवय पाहिजे."

"हो, बाबा."

"अन् व्हिसा वाढवून मिळतो का, बघ जरा."

ती मान वळवून बराच वेळ भांडी घासत राहिली.

सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, झोपेतच गेले.

त्या आठवड्यात कागद, फोन, सह्या. त्यातही ती रोज चिमट्यानं पाण्याची वाटी उचलून घेई, भरून ठेवी, कडी लावी, ओढून पाही.

रविवारी दुपारी तिनं बाह्या वर सारल्या आणि झाकण उघडलं. बाबांची पेन्सिल अजून पेटीशेजारीच होती. तिनं पंजा सालींवर उताणा ठेवला. बऱ्याच वेळानं सालींखालून डोकं निघालं, जीभ लवलवली, आणि ते गार, हलकं अंग तिच्या बोटांवरून मनगटावर चढलं.

धम्मदीपा जागची हलली नाही.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला सापांची फार भीती वाटते. तेव्हाही वाटली होती, म्हणून तर पाय हलले नाहीत."