पांढरी चिंधी

ठासणीच्या बंदुकीच्या नळीतून गजाला गुंडाळून काढलेली चिंधी पांढरीच होती. जळालेली दारू काळी काजळी सोडते आणि तिला सडक्या अंड्यासारखा वास येतो. या चिंधीला नुसता तेलाचा वास होता.

वरवट बकालच्या आमच्या शेतातला अर्धा मका रानडुकरांनी लोळवला होता. सासरे पंजाबराव मात्र रोज संध्याकाळी परवान्याची बंदूक घेऊन राखणीला जायचे आणि दर रविवारी माझ्याकडून गरम पाणी मागून घेऊन ती साफ करायचे.

“मामाजी, रोज बार काढतो म्हणता. मग काजळी कुठे आहे?”

“हवेनं उडून जाते.”

“नळीच्या आतली?” माझा आवाज चढला. “तिकडे मका जाऊन राहिला आणि तुम्ही बंदूक नुसती फिरवून आणता. उडवत काऊन नाही?”

सासूबाई जवळपास नाहीत ना, ते त्यांनी आधी पाहिलं. मग गज भिंतीला टेकवला.

“मांगं एका संध्याकाळी बांधाजोळ डुक्कर दिसलं. म्या नेम धरला. चाप ओढनार, तं डुक्कर खोकललं. तुही सासू गवत कापून राह्यली होती. तवापासून बार भरलाच नाही.”

मी ती चिंधी घडी करून बाजूला ठेवली.

 

तेच म्हणाले, “डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घे. कवाची मांगं लागली आहे तू.”